ॲना किंग्सफर्ड

ॲना बोनस किंग्सफर्ड (१६ सप्टेंबर १८४६ – २२ फेब्रुवारी १८८८) या एक ब्रिटिश डॉक्टर, लेखिका, शाकाहाराच्या प्रचारक आणि गूढवादी ख्रिस्ती विचारवंत होत्या. वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही इंग्रज स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. १८८० साली त्यांनी पॅरिस विद्यापीठातून एम.डी. ही पदवी घेतली. जिवंत प्राण्यांची चिरफाड हा त्या काळच्या वैद्यकीय शिक्षणाचा नित्याचा भाग असतानाही त्यांनी एकाही प्राण्यावर प्रयोग न करता हा अभ्यासक्रम पूर्ण केला. १८८३ मध्ये त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या लंडन शाखेच्या अध्यक्षा झाल्या आणि १८८४ मध्ये त्यांनी हर्मेटिक सोसायटीची स्थापना केली. वैद्यकशास्त्र, शाकाहार, प्राण्यांविषयीची करुणा आणि अध्यात्म ही त्यांच्या दृष्टीने वेगवेगळी क्षेत्रे नव्हती. सर्व जीवसृष्टी एकच आहे, या एका श्रद्धेतून त्यांचे सारे कार्य उभे राहिले. त्या श्रद्धेशी त्यांचे स्वतःचे आचरण कुठे विसंगत ठरले, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त भाग आहे.

बालपण

ॲना यांचा जन्म इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील स्ट्रॅटफर्ड येथे झाला. हा भाग आता लंडन शहरात मोडतो. वडील जॉन बोनस हे सधन व्यापारी होते. अनेक भावंडांमध्ये ॲना सर्वांत धाकट्या. लहानपणापासून त्यांची प्रकृती नाजूक होती आणि दम्याच्या विकाराने त्यांना जन्मभर सोडले नाही. एकांत, वाचन आणि कल्पनाविश्वात रमणे हा त्यांचा स्वभाव होता. त्या अगदी लहान वयात कविता व कथा लिहू लागल्या. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या छळावर आधारित त्यांची 'बिआट्रिस' ही कथा १८६३ मध्ये, त्या जेमतेम सतरा वर्षांच्या असताना पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

वडिलांच्या निधनानंतर त्यांना वर्षाला सुमारे ७०० पौंडांचे उत्पन्न मिळू लागले. त्या काळात ही रक्कम मोठी होती. बहुतेक मध्यमवर्गीय स्त्रियांना पिता किंवा पती यांच्यावर अवलंबून राहावे लागे. ॲना यांना मात्र या उत्पन्नामुळे स्वतःचा मार्ग निवडण्याची मोकळीक मिळाली.

विवाह आणि पत्रकारिता

३१ डिसेंबर १८६७ रोजी ॲना यांचा विवाह त्यांचे चुलतबंधू ॲल्जरनन गॉडफ्री किंग्सफर्ड यांच्याशी झाला. विवाहानंतरही आपल्या इच्छेनुसार काम करण्याचे स्वातंत्र्य आपल्याला असावे, ही अट त्यांनी आधीच घातली होती आणि पतीने ती अखेरपर्यंत पाळली. पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. ॲल्जरनन यांनी अँग्लिकन चर्चची दीक्षा घेतली व कालांतराने श्रॉपशर परगण्यातील ॲचम या गावचे धर्मोपदेशक म्हणून ते काम पाहू लागले. ॲना यांनी मात्र विवाहानंतर काही वर्षांतच रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या पत्नीने असे पाऊल उचलणे तत्कालीन समाजात धक्कादायक मानले जाई.

१८६८ मध्ये त्यांनी स्त्रियांना संसदीय मताधिकार मिळावा या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. १८७२ मध्ये त्यांनी 'द लेडीज ओन पेपर' हे साप्ताहिक विकत घेऊन त्याचे संपादन हाती घेतले. आपल्या तत्त्वांशी विसंगत वाटणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती त्या नाकारत असत. त्यामुळे पत्राची आर्थिक बाजू लंगडी राहिली आणि ते फार काळ चालले नाही. तरीही या अल्पकाळाने त्यांच्या आयुष्याला दिशा दिली. याच पत्रासाठी आलेल्या फ्रान्सिस पॉवर कॉब यांच्या लेखनातून प्रयोगशाळांमधील जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीची माहिती त्यांना प्रथम मिळाली. याच सुमारास डॉक्टर असलेल्या आपल्या एका भावाच्या प्रभावाने त्यांनी मांसाहार सोडला.

प्राण्यांवरील प्रयोगांविरुद्ध बोलणाऱ्या स्त्रियांना भावनाप्रधान व अडाणी ठरवून बाजूला सारले जाते, हे त्यांच्या लक्षात आले. या प्रश्नावर अधिकारवाणीने बोलायचे तर शास्त्र शिकले पाहिजे आणि प्रयोग करणाऱ्यांच्याच पंगतीत बसण्याची पात्रता मिळवली पाहिजे, असा निर्णय त्यांनी घेतला. डॉक्टर होण्यामागील त्यांचा मुख्य हेतू हाच होता.

पॅरिसमधील वैद्यकीय शिक्षण

१८७४ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्रीला वैद्यकीय पदवी मिळणे अशक्य होते. एडिंबरा विद्यापीठात सोफिया जेक्स-ब्लेक व त्यांच्या सहकारी विद्यार्थिनींनी दिलेला लढा नुकताच अपयशी ठरला होता. स्त्रियांना परीक्षेला बसू देण्याची मुभा परवाना देणाऱ्या संस्थांना देणारा कायदा ब्रिटिश संसदेने १८७६ मध्ये केला आणि लंडन विद्यापीठाने आपल्या पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या त्या १८७८ मध्ये. पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने मात्र आधीच स्त्रियांना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी १८७० मध्ये तेथूनच पदवी घेतली होती. किंग्सफर्ड यांनीही १८७४ मध्ये पॅरिसची वाट धरली.

पतीला गावातील धर्मकार्य सोडून परदेशी राहणे शक्य नव्हते. त्यांच्या संमतीने एडवर्ड मेटलंड हे लेखक ॲना यांच्यासोबत पॅरिसला गेले. मेटलंड विधुर होते आणि वयाने ॲना यांच्याहून बावीस वर्षांनी मोठे होते. 'द पिल्ग्रिम अँड द श्राइन' या कादंबरीमुळे त्यांचे नाव झाले होते. दोघांची ओळख पत्रव्यवहारातून झाली होती. पुढे चौदा वर्षे, ॲना यांच्या मृत्यूपर्यंत, मेटलंड त्यांचे सहलेखक व सहकारी राहिले. या साहचर्यावर लोकांनी टीका केली, तरी ॲल्जरनन यांनी त्याला कधी आक्षेप घेतला नाही.

पॅरिसमधील वर्षे खडतर होती. दम्याचे झटके येत असत, फ्रेंच भाषेतून शिकावे लागे आणि रुग्णालयांत स्त्री-विद्यार्थिनींविषयी उघड नाराजी असे. एका रुग्णालयात हजेरी घेताना वरिष्ठ डॉक्टरांनी त्यांचे नाव वाचण्यासही नकार दिल्याचा प्रसंग त्यांच्या पत्रव्यवहारात नोंदलेला आहे. सर्वांत मोठी अडचण प्राण्यांवरील प्रयोगांची होती. त्या काळी पॅरिस हे प्रायोगिक शरीरक्रियाशास्त्राचे युरोपातील एक प्रमुख केंद्र होते. क्लोद बर्नार यांच्या संशोधनामुळे शरीराच्या अंतर्गत क्रियांविषयीचे ज्ञान झपाट्याने वाढत होते, आणि ते ज्ञान बव्हंशी कुत्रे, ससे व गिनीपिग यांच्यावरील प्रयोगांतून मिळत होते. काही प्रयोगांत कुरारे हे द्रव्य वापरले जाई. त्याने प्राण्याचे स्नायू लुळे पडतात, पण संवेदना नाहीशी होत नाही. किंग्सफर्ड यांनी अशा प्रात्यक्षिकांना उपस्थित राहण्यास नकार दिला. शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास त्यांनी ग्रंथ व खासगी शिकवणी यांच्या आधारे पुरा केला. या काळात त्यांनी एक गिनीपिग पाळला होता आणि प्रवासातही त्या त्याला सोबत नेत असत.

सहा वर्षांच्या अभ्यासानंतर १८८० मध्ये त्यांना एम.डी. पदवी मिळाली. या सर्व काळात त्यांनी एकाही प्राण्यावर प्रयोग केला नव्हता. डॉक्टर होण्यासाठी प्राण्यांची चिरफाड अनिवार्य आहे, हा दावा खोडून काढण्यासाठी त्यांनी पुढे स्वतःचेच उदाहरण पुढे केले.

प्रबंध आणि शाकाहाराचा प्रचार

पदवीसाठी त्यांनी मानवाच्या शाकाहारावर फ्रेंच भाषेत प्रबंध सादर केला. तो इंग्रजीत विस्तारित स्वरूपात 'द परफेक्ट वे इन डाएट' या नावाने १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाचे दात, जबडा व पचनसंस्था यांची रचना मांसाहारी प्राण्यांपेक्षा फळे खाणाऱ्या वानरांशी अधिक जुळते, हा या पुस्तकातील युक्तिवादाचा पाया आहे. धान्ये, कडधान्ये, फळे व भाज्या यांतून शरीराला लागणारी सर्व पोषणद्रव्ये मिळू शकतात, असे त्यांनी रसायनशास्त्राच्या आधारे मांडले आणि वनस्पतिजन्य आहारावर कष्टाची कामे करणाऱ्या विविध देशांतील लोकांची उदाहरणे दिली.

हे पुस्तक केवळ आहारशास्त्राचे नव्हते. मांसाहाराचा संबंध त्यांनी मद्यपानाशी, जमिनीच्या वापराशी आणि कत्तलखान्यांत काम करणाऱ्या माणसांच्या स्थितीशी जोडला. आपल्या पानात येणारे मांस दुसऱ्या कुणाला तरी क्रूर काम करायला लावून मिळते, आणि म्हणून त्या कामाची जबाबदारी खाणाऱ्यावरही येते, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडमध्ये व युरोपातील अन्य देशांत त्यांनी या विषयावर अनेक व्याख्याने दिली. मेटलंड व त्यांची आहारविषयक भाषणे व निबंध १९१२ मध्ये एकत्रित ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

पदवी मिळाल्यावर त्यांनी लंडनमध्ये वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. त्यांच्याकडे मुख्यतः स्त्री-रुग्ण येत. आहार, स्वच्छता, व्यायाम व साधी राहणी यांवर त्यांचा भर असे. स्त्रियांसाठी लिहिलेले 'हेल्थ, ब्यूटी अँड द टॉयलेट' हे त्यांचे आरोग्यविषयक पुस्तक १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले.

गूढ अनुभव आणि 'द परफेक्ट वे'

वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच किंग्सफर्ड यांच्या आध्यात्मिक जीवनाला वेगळे वळण लागले होते. निद्रेत किंवा समाधीसदृश अवस्थेत त्यांना दृष्टान्त होत. या अनुभवांना त्या आत्मप्रकाशाचे क्षण मानीत. जाग आल्यावर त्या ते लिहून काढीत आणि मेटलंड त्यांची नोंद ठेवीत. मृतात्म्यांशी संवाद साधण्याचे प्रयोग त्या काळी इंग्लंडमध्ये लोकप्रिय होते, परंतु आपले अनुभव त्या प्रकारचे नाहीत, असे किंग्सफर्ड यांचे म्हणणे होते. हे ज्ञान बाहेरच्या कुणा आत्म्याकडून येत नसून पूर्वजन्मांत मिळवलेल्या ज्ञानाचे आपल्याच आत्म्याला होणारे स्मरण आहे, अशी त्यांची श्रद्धा होती.

या अनुभवांवर आधारित व्याख्यानमाला त्यांनी व मेटलंड यांनी १८८१ मध्ये लंडनमध्ये निवडक श्रोत्यांपुढे सादर केली. पुढच्या वर्षी ती 'द परफेक्ट वे, ऑर द फाइंडिंग ऑफ ख्राइस्ट' या नावाने ग्रंथरूपात आली. बायबलमधील कथा हा केवळ बाह्य इतिहास नसून प्रत्येक आत्म्याच्या अंतर्गत प्रवासाचे रूपक आहे, हा या ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त. जन्म, क्रूसावरील मृत्यू व पुनरुत्थान या अवस्था साधकाच्या अंतःकरणात घडतात आणि ख्रिस्तपद प्रत्येकाला प्राप्य आहे, असे त्यात प्रतिपादन केले आहे. पुनर्जन्म व कर्म यांचा त्यात स्वीकार आहे. ईश्वराच्या ठिकाणी पितृत्वाबरोबर मातृत्वही आहे आणि धर्मातून स्त्रीतत्त्व हद्दपार झाल्यामुळेच त्याचे कर्मकांड झाले, असेही त्यात म्हटले आहे.

शाकाहार आणि प्राणिदया यांनाही या मांडणीत स्थान होते. एकच आत्मतत्त्व खनिज, वनस्पती, प्राणी व मानव अशा पायऱ्यांनी उत्क्रांत होत जाते, असे मानल्यावर प्राण्याचा छळ हा आपल्याच मार्गावरील मागच्या प्रवाशाचा छळ ठरतो. ज्या शरीरात दिव्य ज्ञान उतरायचे ते शरीर रक्तपातापासून मुक्त असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

थिऑसॉफिकल सोसायटी

हेलेना ब्लाव्हाट्स्की व हेन्री स्टील ऑल्कट यांनी १८७५ मध्ये न्यू यॉर्क येथे स्थापन केलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय १८७९ मध्ये मुंबईत आले आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळील अड्यार येथे हलवण्यात आले. 'द परफेक्ट वे' या ग्रंथाने प्रभावित झालेल्या लंडनमधील सभासदांनी जानेवारी १८८३ मध्ये किंग्सफर्ड यांना तेथील शाखेचे अध्यक्षपद दिले. ही शाखा पुढे लंडन लॉज या नावाने ओळखली जाऊ लागली.

थोड्याच दिवसांत मतभेद उघड झाले. अलाहाबादच्या 'पायोनियर' या इंग्रजी वृत्तपत्राचे माजी संपादक आल्फ्रेड पर्सी सिनेट १८८३ मध्ये इंग्लंडला परतले आणि त्यांचा 'एसोटेरिक बुद्धिझम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिमालयापलीकडे राहणाऱ्या महात्म्यांकडून पत्रांद्वारे मिळालेली शिकवण हा त्याचा आधार होता. किंग्सफर्ड यांना ही भूमिका मान्य नव्हती. अदृश्य गुरूंच्या अधिकारावर विसंबण्याऐवजी साधकाने सत्याची प्रचीती स्वतः घ्यावी, असे त्यांचे मत होते. पाश्चात्त्यांनी पौर्वात्य परंपरेचा आदर करावा, पण आपल्या ख्रिस्ती व ग्रीक परंपरेतील गूढ ज्ञानही शोधावे, असा त्यांचा आग्रह होता. बहुसंख्य सभासद सिनेट यांच्या बाजूने होते. एप्रिल १८८४ मध्ये ऑल्कट लंडनला आले असता शाखेची नवी निवडणूक झाली आणि किंग्सफर्ड यांचे अध्यक्षपद संपुष्टात आले.

हर्मेटिक सोसायटी

त्यानंतर काही आठवड्यांतच किंग्सफर्ड यांनी मेटलंड यांच्या साहाय्याने स्वतंत्र हर्मेटिक सोसायटी स्थापन केली. प्राचीन इजिप्तमधील ज्ञानाचा प्रवर्तक मानल्या गेलेल्या हर्मीस ट्रिस्मेजिस्टस या पौराणिक ऋषीच्या नावावरून हे नाव घेतले होते. या संस्थेत शपथा किंवा गुप्त दीक्षाविधी नव्हते. ग्रंथवाचन, व्याख्याने व चर्चा यांवर तिचा भर होता. हर्मीसच्या नावावर असलेल्या ग्रंथांपैकी 'द व्हर्जिन ऑफ द वर्ल्ड' याची इंग्रजी आवृत्ती किंग्सफर्ड व मेटलंड यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केली.

विल्यम विन वेस्टकॉट व सॅम्युएल लिडल मॅकग्रेगर मेदर्स या दोघांनी या संस्थेत व्याख्याने दिली होती. १८८८ मध्ये, म्हणजे किंग्सफर्ड यांचे निधन झाले त्याच वर्षी, या दोघांच्या पुढाकाराने गोल्डन डॉन ही गूढवादी संस्था स्थापन झाली. तिने आरंभापासून स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश दिला.

प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध आणि वाद

ब्रिटनमध्ये प्राण्यांवरील प्रयोगांची चौकशी करण्यासाठी १८७५ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि १८७६ च्या कायद्याने अशा प्रयोगांसाठी परवाना आवश्यक ठरवण्यात आला. प्रयोगांना पूर्ण बंदी हवी असलेल्या कार्यकर्त्यांना हा कायदा अपुरा वाटला. किंग्सफर्ड यांच्या लेखनाने या चळवळीला डॉक्टरचा आवाज मिळाला. त्यांचा आक्षेप केवळ वेदनेपुरता नव्हता. निष्पाप जिवाला यातना देऊन मिळवलेले ज्ञान वैद्यकाच्या मूळ हेतूलाच बाधक ठरते आणि प्राण्यांच्या बाबतीत निष्ठुर झालेला डॉक्टर पुढे गरीब रुग्णांकडेही प्रयोगाचे साधन म्हणून पाहू लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या लढ्याची एक काळी बाजूही आहे. आपल्या इच्छाशक्तीने प्रयोगकर्त्यांचा मृत्यू घडवून आणता येतो, अशी त्यांची समजूत झाली होती. फेब्रुवारी १८७८ मध्ये क्लोद बर्नार यांचे आणि नोव्हेंबर १८८६ मध्ये त्यांचे शिष्य पॉल बेर यांचे निधन झाले. हे दोन्ही मृत्यू आपल्या संकल्पामुळे घडले, असे त्या मानीत. लुई पाश्चर यांच्यावरही त्यांनी असाच संकल्प केला होता. प्रत्यक्षात बर्नार यांची प्रकृती आधीपासून ढासळलेली होती, तर बेर फ्रेंच प्रशासक म्हणून हनोई येथे असताना आजाराने मरण पावले. पाश्चर त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे जगले.

सर्व जीव एक आहेत असे शिकवणाऱ्या, मुंगीपासून माणसापर्यंत प्रत्येकाविषयी करुणा मागणाऱ्या स्त्रीने माणसांच्या मृत्यूची कामना करावी, ही विसंगती त्यांच्या अभ्यासकांना नेहमीच अस्वस्थ करत आली आहे. काहींनी याकडे छळाच्या दर्शनाने विदीर्ण झालेल्या मनाचा उद्रेक म्हणून पाहिले आहे, तर काहींना त्यात गूढ सामर्थ्याच्या अहंकाराचे दर्शन घडले आहे. त्यांच्या हयातीत ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. ती प्रकाशात आली मेटलंड यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे.

आजारपण आणि मृत्यू

नोव्हेंबर १८८६ मध्ये पॅरिस येथे पाश्चर यांच्या प्रयोगशाळेकडे जात असताना किंग्सफर्ड मुसळधार पावसात भिजल्या. त्याचे पर्यवसान न्यूमोनियात व पुढे फुप्फुसाच्या क्षयात झाले. उबदार हवेसाठी त्यांना फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर व इटलीत नेण्यात आले, परंतु गुण आला नाही. क्षयावर परिणामकारक औषध त्या काळी उपलब्ध नव्हते. १८८७ मध्ये त्या लंडनला परतल्या आणि २२ फेब्रुवारी १८८८ रोजी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. पतीच्या ॲचम गावातील सेंट इएटा चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

चरित्रसाधने

किंग्सफर्ड यांच्या मृत्यूनंतर मेटलंड यांनी त्यांचे अप्रकाशित लेखन संपादित केले. स्वप्नांत सुचलेल्या कथांचा संग्रह 'ड्रीम्स अँड ड्रीम स्टोरीज' १८८८ मध्ये आणि आध्यात्मिक अनुभवांचा संग्रह 'क्लोद्ड विथ द सन' १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९६ मध्ये मेटलंड यांनी त्यांचे दोन खंडांतील विस्तृत चरित्र लिहिले. त्यासाठी त्यांनी ॲना यांच्या रोजनिश्या व पत्रे वापरली, मात्र मूळ कागदपत्रे नष्ट केली. त्यामुळे त्यांच्या खासगी आयुष्याविषयीची बहुतेक माहिती आज केवळ मेटलंड यांच्या निवेदनातूनच मिळते. वर्षानुवर्षे सहवासात राहिलेल्या आणि त्यांना युगप्रवर्तक मानणाऱ्या सहकाऱ्याचे ते निवेदन आहे, हे लक्षात घेऊनच अभ्यासक त्याचा उपयोग करतात. प्रबंध, आहारविषयक लेखन व हयातीत प्रकाशित झालेले अन्य ग्रंथ यांतून मात्र त्यांचा स्वतःचा आवाज थेट ऐकू येतो.

प्रभाव

किंग्सफर्ड यांच्या विचारांचा एक महत्त्वाचा धागा भारताशी जोडलेला आहे. मोहनदास करमचंद गांधी १८८८ च्या शरद ऋतूत कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला पोहोचले, तेव्हा किंग्सफर्ड यांच्या निधनाला काही महिने झाले होते. तेथे शाकाहाराचा अभ्यास करताना त्यांनी 'द परफेक्ट वे इन डाएट' वाचले. मातेला दिलेल्या वचनामुळे मांसाहार टाळणारे गांधी अशा वाचनातून विचारपूर्वक शाकाहारी झाले. पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांचा मेटलंड यांच्याशी पत्रव्यवहार झाला आणि 'द परफेक्ट वे' हा ग्रंथही त्यांच्या हाती आला. मेटलंड यांनी १८९१ मध्ये स्थापन केलेल्या एसोटेरिक ख्रिश्चन युनियन या संस्थेचे नाताळमधील प्रतिनिधी म्हणून १८९४ मध्ये गांधींनी तिच्या ग्रंथांचा प्रसारही केला. एका धर्माचे सत्य मानण्यासाठी दुसऱ्याला असत्य ठरवण्याची गरज नाही, ही या ग्रंथांतील भूमिका त्यांना जवळची वाटली.

स्त्रियांचे वैद्यकीय शिक्षण, शाकाहाराची चळवळ, प्राण्यांचे हक्क आणि पाश्चात्त्य गूढवाद या चारही विषयांच्या इतिहासात किंग्सफर्ड यांचे नाव येते. प्राण्यांवर प्रयोग न करता वैद्यकीय शिक्षण पूर्ण करता यावे, ही मागणी त्यांच्यानंतर शंभर वर्षांनीही अनेक देशांतील विद्यार्थ्यांनी केली आणि हळूहळू अनेक विद्यापीठांनी ती मान्य केली. किंग्सफर्ड यांनी १८८० मध्येच स्वतःच्या पदवीने ते शक्य असल्याचे दाखवून दिले होते.